हिरवळीचे श्रेय कोणाला?

होळीचा सुमार झाला म्हणजे कोकणपट्टीतील डोंगरांवरचे गवत वाळून कोळ होते, आणि मग एखाद्या रात्री काळोखात विस्तवाची वेडीवाकडी रेघ डोंगर चढताना दिसते. भाईंदरच्या पश्चिमेस खाडी व मिठागरे ह्यांच्या शेजारी राई, मुर्धा, मोर्वा ही गावे आहेत. त्यांच्या एका अंगास उत्तन-डोंगरीची टेकाडे आहेत, आणि दूर पूर्वेस, काशीमिऱ्याच्या पलीकडे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे रान पसरले आहे. ह्या भागातील मनुष्यास वणवा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. सकाळी पाहावे तो डोंगर काळाठिक्कर पडलेला असतो. पुढे ज्येष्ठ लागतो, मृगाच्या सरी येतात, आणि पंधरा दिवसांच्या आत तोच डोंगर हिरवागार होतो. मग कोणी तरी म्हणतोच, "पाहा, जळून काय बिघडले? उलट हिरवळ जोमाने आली."

हे बोलणे साधे दिसते, परंतु त्यात एक मोठा प्रश्न दडलेला आहे, आणि तो डोंगरापुरता नाही. ज्या अपायानंतर चांगले दिवस आले, तो अपाय मग अपाय राहत नाही काय? ज्याने काडी लाविली त्याला पुढच्या हिरवळीचे श्रेय द्यावे काय? वाचकहो, आपणांपैकी पुष्कळांस दुःखी घरी जाऊन बसावे लागते व दोन शब्द बोलावे लागतात. अशा वेळी ह्या प्रश्नाचे बरे-वाईट उत्तर आपल्या जिभेवर कळत-नकळत येतच असते. म्हणून ते उत्तर आधी नीट तपासून पाहणे बरे. आज आम्ही ते रानालाच विचारणार आहो.

पहिल्याने हिरवळ येते कोठून, हे पाहिले पाहिजे. गवताचा वणवा भरभर पुढे सरकतो. त्याची आच वर झेपावते. खाली फारशी उतरत नाही. माती ही उष्णतेची वाईट वाहक आहे, म्हणून वरचे पाते जळून राख झाले तरी चार बोटे खोल असलेला कोंब बहुधा जिवंत राहतो. पळस, साग, ऐन ह्यांसारखी झाडे बुंध्यापासून किंवा मुळापासून पुन्हा फुटवे काढतात. आणि ह्या सर्वांपेक्षा जुनी युक्ती नेच्यांची आहे.

नेचे म्हणजे फूल नाही, फळ नाही, बी नाही अशी वनस्पती. तिच्या पानांच्या पाठीवर तपकिरी ठिपके असतात. त्यांतून धुळीसारखे बारीक बीजाणू उडतात. तिचे कोवळे पान घड्याळाच्या कमानीप्रमाणे गुंडाळलेले बाहेर येते आणि हळूहळू उलगडते. बहुतेक नेच्यांचे खोड उभे दिसत नाही. ते जमिनीखाली किंवा जमिनीलगत आडवे पसरलेले असते. आपल्या ओळखीचा हंसराज घ्या. पावसाळ्यात विहिरीच्या भिंतींवर व दरडींवर त्याची नाजूक पाने झुलतात; त्याचे देठ केसासारखे काळे व चकचकीत असतात. पाऊस सरला की तो सुकून जातो. उन्हाळ्यात वणवा त्या दरडीवरून जातो, तेव्हा हंसराजाने आपले सर्व धन आधीच खाली नेऊन ठेविलेले असते. जाळावयास वर फक्त वाळलेला पाचोळा उरलेला असतो.

महाबळेश्वराकडे गेलेल्या वाचकांनी डोंगरउतारांवर कमरेइतके उंच, दाट माजलेले एक नेचे पाहिले असेल. त्याला ब्रॅकन म्हणतात, व जगाच्या बहुतेक भागांत ते किंवा त्याचे भाऊबंद आढळतात. फादर एथेलबर्ट ब्लॅटर व जे. एफ. डी'आल्मेडा ह्यांनी मुंबई इलाख्यातील नेच्यांवर १९२२ साली एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या नेच्यांकडे कोणी ढुंकून पाहत नाही त्यांचीही मोजदाद झाली पाहिजे, असे मानणारी ही माणसे होती. ह्या ब्रॅकनचे आडवे खोड जमिनीत पुष्कळ खोल जाते, कधी हातभरही, आणि त्यात पिठूळ अन्न साठविलेले असते. वरचे सारे रान जळाले तरी हा साठा शाबूत राहतो, आणि इतरांच्या आधी त्याचे कोंब राखेतून वर येतात.

आपल्या सह्याद्रीत नैसर्गिक चिडाची रानें नाहीत. पण हिमालयात, कुमाऊं-गढवालच्या उतारांवर, साधारण दोन हजार मीटर उंचीपर्यंत चिडाची मोठमोठी रानें आहेत. उन्हाळ्यात चिडाच्या सुईसारख्या पानांचा खच पडतो. त्याला तेथील लोक पिरूल म्हणतात. त्यात राळ असल्यामुळे तो क्षणात पेटतो. चिडाच्या मोठ्या झाडाची साल जाड असते, म्हणून खालून धावणारा वणवा त्याला बहुधा मारू शकत नाही. लहान रोपाचा शेंडा जळाला तर ते बुडातून पुन्हा फुटू शकते. नेच्याने जे मातीखाली केले, तेच चिडाने सालीआड केले.

आता उत्तराची पहिली पायरी हाती येते. हंसराज असो, ब्रॅकन असो, वा चीड असो, वणव्यानंतर जे उगवले ते वणव्याने दिलेले नव्हते. ते वणव्याच्या आधी साठविलेले होते. ज्या महिन्यांत ऊन-पाऊस बरा होता, त्या महिन्यांत पानांनी कमाई केली व ती खाली पोहोंचविली. ती जपून ठेवली मातीने. विस्तवाने मात्र काही साठविले नाही व काही जपिलेही नाही. घराला आग लागल्यावर पुरलेल्या हंड्यातील पैशांवर कुटुंब पुन्हा उभे राहिले, तर आपण आगीची वाखाणणी करीत नाही. हंडा पुरून ठेवणाऱ्या आजीची करितो.

येथे कोणी जाणता मनुष्य आक्षेप घेईल, आणि तो आक्षेप खरा आहे. तो म्हणेल की, काही झाडांना वणवा लागतोच. अमेरिकेतील यलोस्टोन नावाच्या राष्ट्रीय उद्यानात १९८८ साली प्रचंड वणवे लागले व उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग त्यांच्या तडाख्यात सापडला. तेथे लॉजपोल नावाची चिडाची जात आहे. तिच्यातील पुष्कळ झाडांची फळे राळेने घट्ट बंद झालेली असतात. आच लागून राळ वितळली म्हणजेच ती उघडतात व बी खाली पडते. १९८८ नंतर तेथे रोपांचे दाट रान उठले. मग ह्या झाडाने वणव्याचे आभार मानू नयेत काय?

ह्या आक्षेपाला टाळून चालणार नाही. विस्तव हा काही रानांच्या चालीरीतीत बसलेला आहे, हे आम्ही मान्य करितो. परंतु त्या झाडाकडे जरा अधिक वेळ पाहावे. वणव्याने कुलूप उघडले हे खरे. पण पेटी भरली होती कोणी? ती भरण्यास अनेक वर्षे लागली. आणि रोपे मोठी होऊन त्यांना पुन्हा पुरेशी फळे धरण्याच्या आतच दुसरा वणवा आला, तर उघडावयास पेटीच नसते. त्या जागी चिडाचे रान विरळ होते किंवा नाहीसे होते. म्हणजे ज्याला विस्तव सोसतो त्यालाही तो ठरावीक अंतराने सोसतो. दोन वणव्यांच्या मधली जी शांत वर्षे, तीच त्याची कमाई होय. जे झाड एकदा सोसते त्यास दरवर्षी सोसावयास लाविले, तर ते एक दिवस उठत नाही. आपल्या डोंगरांवरही तेच घडते. जुने झाड टिकते, पण वितीएवढी रोपे वर्षानुवर्षे जळत राहतात, आणि म्हाताऱ्या झाडांमागे तरुण झाड उभे राहत नाही. लांबून पाहणाऱ्यास रान दिसते; जवळ गेल्यावर कळते की, ते वारस नसलेले घर आहे.

दुसरी गोष्ट अशी की, प्रत्येक हिरवळ म्हणजे बरे होणे नव्हे. ज्या ब्रॅकनची आम्ही आताच वाखाणणी केली, तेच ब्रॅकन मोकळ्या जागी माजले म्हणजे खाली ऊन पोहोंचू देत नाही, झाडांची रोपे दडपून टाकते, आणि गुरांनी ते पोटभर खाल्ले तर त्यांना विषबाधा होते. कोकणात रानमोडी नावाचे झुडूप सर्वांस ठाऊक आहे. ते मूळचे अमेरिकेचे. त्याच्या वाळलेल्या काटक्या भडकन पेटतात, व जळाल्यावर ते बुडातून पुन्हा फुटते. प्रत्येक वणव्यानंतर ते थोडी अधिक जागा धरते. त्याच्या नावातच लोकांनी आपला निकाल लिहून ठेविला आहे. तेव्हा डोंगर हिरवा झाला एवढ्यावर न थांबता, कशाने हिरवा झाला हेही विचारले पाहिजे.

आणि तिसरी गोष्ट, जी परत येत नाही ती. टिटवी उघड्या जमिनीवर चार खडे मांडून अंडी घालते, आणि तिच्या विणीचे दिवस उन्हाळ्यातच येतात. लाव्हा, चंडोल ही पाखरेही भुईवरच घरटे करितात. पुढल्या वर्षी दुसरी टिटवी येईल. परंतु जी अंडी जळाली ती जळालीच. उतारावरचे गवत गेल्यावर पहिल्या जोरदार पावसात जी माती ओढ्यात वाहून गेली, ती खाडीच्या गाळात जाते. ती डोंगरावर पुन्हा चढत नाही. जात उरते म्हणून जीव उरला असे होत नाही.

म्हणून सर्व विस्तव पापच आहे असे आम्ही म्हणतो काय? नाही. ठाणे-कुलाब्याकडील भातशेती करणारा आपला शेतकरी राब भाजतो. फांद्या, पाला, शेण व गवत ह्यांचे थर रोपाच्या वाफ्यावर रचून, वर माती टाकून, वारा पडलेला पाहून तो ते पेटवितो. १८८० नंतरच्या दशकात सरकारी जंगलनियमांमुळे राबाचा पाला मिळण्यास अडचण झाली, तेव्हा ह्या भागात मोठी तक्रार उठली. त्याच्या चौकशीसाठी १८८५ साली मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमले गेले, व त्याचा अहवाल १८८७ साली बाहेर आला. ज्याची भाकरी त्या विस्तवावर अवलंबून आहे त्याला कोणी वणवेखोर म्हणू नये. त्याच्या विस्तवाला हद्द असते, वेळ असते, आणि तो विझेपर्यंत मालक तेथे उभा असतो. कुमाऊंतही १९२१ साली लोकांनी बेगार व जंगलनियम ह्यांविरुद्ध चिडाची सरकारी रानें पेटविली. तथापि ज्या बांज वृक्षाच्या रानांवर त्यांचे पाणी, चारा व सरपण चाले, त्या रानांना त्यांनी जवळजवळ हात लाविला नाही, असे इतिहासकार रामचंद्र गुहा ह्यांनी दाखविले आहे. रागातही त्यांना माप सुटले नव्हते. पुढे १९३१ साली तेथे वनपंचायतींचे नियम झाले. दोष मोजावयाचा तर काडी ओढणाऱ्या हाताबरोबर, त्या हातास तेथवर आणणाऱ्या हाताचाही मोजला पाहिजे.

परंतु आपल्या डोंगरांवरचा विस्तव पुष्कळदा असा नसतो. कोणी चांगले गवत येईल म्हणून लावितो, कोणी ससा बाहेर पडेल म्हणून, कोणी विडीचे थोटूक टाकून पुढे जातो. लावणारा निघून जातो, आणि जळणारे तेथेच राहते. ३ डिसेंबर २०१८ रोजी गोरेगावच्या पूर्वेस, ह्याच मोठ्या रानाच्या कडेला, डोंगरावर आग भडकली. वाळले गवत असले म्हणजे उन्हाळ्याचीही वाट पाहावी लागत नाही. भाजणाऱ्याची हद्द आणि त्याची हजेरी, ही दोन जेथे नाहीत तेथे विस्तव शेतकऱ्याचा राहत नाही.

आता हाच न्याय माणसांस लावून पाहू. राई ज्या ठाणे जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या तेव्हाच्या उत्तर भागात, उंबरगाव-डहाणूकडे, वारली लोकांनी पिढ्यान् पिढ्या सावकार-जमीनदारांची वेठ सोसली. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या पैशांपायी नवरा-बायको दोघेही गडी होऊन राहत. १९४५ साली त्यांनी ह्या वेठीविरुद्ध उठाव केला, आणि वेठबिगार बंद करणारा देशव्यापी कायदा १९७६ साली झाला. जेथे जेथे अशी वेठ असते, तेथे तेथे एक बोलणे ऐकू येते, "ह्या लोकांना सवय आहे, हे काटक आहेत, ह्यांना काही होत नाही." नेच्याला विस्तव सोसतो म्हणून त्याला जाळीत राहावे, असेच हे बोलणे आहे. सोसणाऱ्याची शक्ती हा सोसविणाऱ्याचा परवाना होऊ शकत नाही. त्या काटकपणाची कमाई त्यांची स्वतःची होती, त्यांच्या आयाबायांनी उपाशी राहून साठविलेली होती. ती दरवर्षी जाळण्याचा हक्क कोणासच नव्हता.

आणि दुःखी घरी काय बोलावे? ज्याचे मूल गेले किंवा ज्याचे घर बुडाले, त्याला आपण चटकन म्हणतो, "ह्यातून चांगलेच होईल, ह्यासाठीच हे झाले." ईयोबाच्या ग्रंथात हा विचार फार प्रामाणिकपणे मांडिलेला आहे. तोडलेल्या झाडास पुन्हा फूट येण्याची आशा असते, असे ईयोब म्हणतो. पण लगेच तो हेही म्हणतो की, माणसाचे तसे नाही. त्याच्या मित्रांनी सात दिवस मुकाट्याने त्याच्याजवळ बसून काढिले, तोवर ते चांगले मित्र होते. दुःखाची कारणे सांगू लागले तेव्हा बिघडले. दुःखातून गेलेला मनुष्य पुढे एखाद्या दिवशी स्वतः म्हणेल की, "त्या दिवसांनी मला काही शिकविले." ते म्हणण्याचा अधिकार त्याचा आहे. आपण बाहेरून ते त्याच्या तोंडी घालू नये. आणि ज्याच्यामुळे त्याला दुःख झाले त्याने तर ते मुळीच म्हणू नये.

मग आपण करावे काय? ह्याचेही उत्तर एका जळालेल्या जागीच मिळते. १८८३ साली जावा व सुमात्रा ह्यांच्यामधील क्राकाटोआ बेटावर ज्वालामुखीचा स्फोट होऊन सारे बेट तप्त राखेखाली गेले. तेथे मातीखाली साठा ठेवणारेही कोणी उरले नाही. तीन वर्षांनी, १८८६ साली, ट्रॉइब नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ तेथे गेले, तेव्हा त्यांना ११ जातींची नेची वाढलेली आढळली. ती त्या राखेतून निघाली नव्हती. शेजारच्या न जळालेल्या किनाऱ्यांवरून त्यांचे बीजाणू वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून आले होते. ज्याचे मूळही जळाले त्याला आपल्या बळावर उठता येत नाही. त्याला न जळालेला शेजारी लागतो.

असा शेजारी होणे हे डोंगराच्या बाबतीत अगदी साधे काम आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या २६ व्या कलमाने राखीव रानात विस्तव लावणे किंवा रानास धोका होईल असा विस्तव पेटविणे हा गुन्हा ठरविला आहे. आणि ७९ व्या कलमाने, रानात चराईचा वा सरपणाचा हक्क ज्यास आहे त्याला वणव्याची खबर देणे व तो विझविण्यास मदत करणे हे कर्तव्य लावून दिले आहे. माघातच गावाच्या बाजूचे गवत कापून घ्यावे. वन खाते जाळरेषा काढीत असेल तर तिच्या कामास हात लावावा. राब भाजावयाचा तर पाण्याची घागर व दोन माणसे जवळ ठेवावी. मुलांस शिकवावे की, पेटलेला डोंगर हा तमाशा नव्हे. ह्यातील एकही गोष्ट मोठी नाही. परंतु एका टेकाडास पाच-सात वर्षे विस्तवावाचून मिळाली, तर वितीएवढी रोपे डोक्याएवढी होऊ लागतात, आणि त्या घरास वारस मिळतो.

माणसांच्या बाबतीतही काम तसेच आहे. आपत्ती आल्यावर तिचे गुण गाण्यापेक्षा, ती येण्यापूर्वीच्या बऱ्या दिवसांत मुलांच्या शाळेसाठी, घरच्या दाण्यासाठी व शेजारधर्मासाठी काही जमिनीखाली ठेवावे. आणि दुसऱ्याची आपत्ती पाहून ते त्याच्या भल्यासाठी झाले असे म्हणण्याऐवजी, आपण जळालो नाही म्हणून आपल्याकडे जे शिल्लक आहे, त्यातले थोडे त्याच्या राखेवर जाऊन पडेल असे करावे. हिरवळ येईल तेव्हा तिचे श्रेय मुळाला द्या, मातीला द्या, मधल्या शांत वर्षांना द्या, आणि न जळालेल्या शेजाऱ्याला द्या. विस्तवाच्या वाट्यास त्यातले काही उरत नाही.